मार्सेलँची शपथ

"आपला फुटबॉल क्लब पुन्हा फ्रान्सचा विजेता झाल्याशिवाय मी मरायचा नाही!" सेंट-एतिएनच्या कोळसा खाणीत राबणाऱ्या मार्सेलँनं ही शपथ घेतली, तेव्हा त्याचे केस काळे होते. पुढे क्लब घसरतच गेला आणि मार्सेलँ मात्र हृदयविकाराचे दोन झटके पचवून ठणठणीत राहिला.

यंदा क्लब जिंकत सुटला. शेवटच्या सामन्यात दोन गोलांची आघाडी होती, शिटी वाजायला मिनिटभर उरलं होतं आणि हिरवे मफलर फडकवत सारं स्टेडियम नाचत होतं. फक्त मार्सेलँची बायको ओदेत रडत होती.

"अगं, आज तरी हस की!" मार्सेलँ ओरडला.



"हसते रे म्हाताऱ्या, पण शिटी वाजायच्या आत नवी शपथ घे. म्हण, युरोपचा चषक आल्याशिवाय मरणार नाही!"