आजोबांच्या नावाची गाय

बिएल कातड्यावरून उठायला तयार नव्हता.

चुओलच्या गोठ्यात त्याच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. बिएल हा नवऱ्या मुलाचा काका. मुलीसाठी द्यायच्या आठ गायींच्या जागी एक कोरी बंदूक घ्या, असं तो सांगत होता आणि चुओल मान डोलवत होता. तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. बिएलने बंदूक खाली टाकली, तिच्यावर बैलाचं कातडं ओढलं आणि त्यावर स्वतः बसला.

वाकून आत आली ती मार्ता. दक्षिण सुदानात बाहेरून शस्त्रं आणायला जगाने बंदी घातली आहे. ती पाळली जाते की नाही, हे पाहत ती गावोगाव फिरत असे. कुणाच्या वस्तूला हात लावायचा अधिकार तिला नव्हता. दाखवतील ते पाहायचं, विचारायचं आणि लिहून घ्यायचं. दारात आलेल्याला परत पाठवत नाहीत, म्हणून तिला बसायला जागा मिळाली आणि वाडगाभर ज्वारीची दारू मिळाली.

चुओलची थोरली बहीण न्यादाक शेणीच्या धुनीपाशी बसून हे पाहत होती. गोठ्यात आता एकही गाय नव्हती. काही पुरात मेल्या, उरलेल्या शत्रू टोळीने हाकून नेल्या. त्या परत आणायला धाकटा भाऊ बंदूक घेऊन गेला, तो आलाच नाही. आता चुओलची पाळी. घरात बंदूक आली की तो एक दिवसही थांबणार नाही, हे न्यादाकला ठाऊक होतं.

मार्ताने आपला नेहमीचा प्रश्न विचारला आणि दुभाष्या कोआंगने तो सांगितला, "इकडे एका बंदुकीला किती गायी पडतात?"

"आठ," बिएल म्हणाला.

"पलीकडच्या गावात पाच," कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला. दोघे-तिघे हसले.

मार्ताने दोन्ही आकडे लिहिले. बंदूक स्वस्त होत असेल, तर बाहेरून नव्या बंदुका येत असणार.

न्यादाक उठली. "व्याही, जरा बाजूला व्हा."

"मी बरा आहे इथे."

"खाली अंडी घातलीत का? मघापासून उबवताय."

आता सगळेच हसले. कोआंगने तेही मार्ताला सांगितलं. हसू लपवायला तिने मान खाली घातली.

"आजोबांच्या नावाची गाय राहिली," न्यादाक म्हणाली. "आधी ती, मग बाकीच्या."

हे खरं होतं. बोलणी कितीही ताणली तरी मुलीकडच्या पूर्वजांच्या नावाने द्यायच्या गायीला कुणी नाही म्हणत नाही. तिच्या पाठीवर राख चोळायची आणि ज्याच्या नावाची असेल त्याला हाक मारायची. हे चुकलं तर सुनेची कूस उजवत नाही, असं सगळे मानतात.

"पाहुणी जाऊ दे," बिएल हळूच म्हणाला.

"तिला लाजता, आणि आजोबांना नाही?"

"ताई, खाली बस," चुओल म्हणाला. "इथे गाय आहे कुठे?"

"मीही तेच विचारतेय. आठ गायी आल्या म्हणता ना? मग त्यांतली एक आजोबांची. दाखवा, राख लावते."

बिएलने कातड्याची कड घट्ट धरली. मग कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला, "ऊठ रे बिएल. तुझ्या पुतण्याला पोरं नकोत का?"

बिएल उठला. न्यादाकने कातडं सारलं. बंदूक काळ्या वंगणाने माखलेली होती, आणि जिथे नंबर कोरतात तिथे ते जाड थापलेलं होतं. तिने धुनीतली मूठभर निवालेली राख घेतली आणि गायीची पाठ चोळावी तशी ती बंदूक चोळत गेली, तोंडापासून शेपटापर्यंत.

"आजोबा, तुमची गाय आली. पोरांना सांभाळा."

राखेबरोबर वंगण सुटलं. खाचांमध्ये राख भरली, आणि काळ्या लोखंडावर एकेक पांढरा आकडा उमटला.

मार्ताने विचारलं, "फोटो काढू का?"

सगळ्यांनी न्यादाककडे पाहिलं. "काढ की बाई," ती म्हणाली.

"ही बंदूक कुणाची?"

"माझ्या आजोबांची."

"ते कुठे भेटतील?"

"पाणी ओसरलं की त्यांचं थडगं दिसेल."

मार्ताने चेहऱ्यावर काही न दाखवता तेही लिहून घेतलं. फोटो काढला, वाडगा रिकामा केला आणि ती निघून गेली.

गाडीचा आवाज विरल्यावर बिएल म्हणाला, "चांगलं केलंत. नंबर गेला तिच्याबरोबर, आता त्यावरून ही कुठून आली ते शोधतील. ज्याने मला ही दिली, तो माझी चामडी सोलेल. आणि आता राख लावलेली मी परतही नेऊ शकत नाही."

"नेऊ नकाच," न्यादाक म्हणाली. "एक गाय पोचली, व्याही. सात राहिल्या."

बिएलने आधारासाठी चुओलकडे पाहिलं. चुओल बंदुकीकडे पाहत होता. पूर्वजांच्या नावाचं जनावर विकत नाहीत, कुणाला देत नाहीत, गाव सोडून नेत नाहीत. हे त्याला चालता येऊ लागल्यापासून माहीत होतं. तो बंदुकीजवळ उकिडवा बसला आणि त्याने हात पुढे केला. नळीपासून वीतभर अंतरावर बोटं थांबली.

 न्यादाकने धुनीत एक नवी शेणी सरकवली आणि ती त्याच्या हाताकडे पाहत राहिली.