धाकटीची यंत्रणा

धाकट्या जावेनं हॉस्पिटलसाठी एक संगणक यंत्रणा बांधली. बिघाड झाला तर ती स्वतःच ओळखायची आणि स्वतःच सावरायची. जो तो धाकटीचं कौतुक करू लागला. त्याच हॉस्पिटलात बारा वर्षं जुनी यंत्रणा सांभाळणाऱ्या थोरलीच्या मात्र पोटात दुखू लागलं. एका दुपारी ओपीडी रिकामी असताना तिनं धाकटीच्या यंत्रणेचा एक भाग गुपचूप बंद केला आणि पडद्याकडे डोळे लावून बसली. काहीच कोसळलं नाही. नऊ सेकंदांत सगळं पूर्ववत.

तासाभरानं धाकटी तिच्या टेबलापाशी आली. "ताई, आज माझ्या यंत्रणेचा एक भाग बंद पडला. अशा वेळी काम कुणाकडे सोपवायचं, ते यंत्रणाच ठरवते. हॉस्पिटलातल्या सगळ्या यंत्रणा तपासून तिनं तुमच्या जुन्या यंत्रणेला निवडलं."

थोरलीला तिच्याकडे बघवेना. "तो भाग मीच बंद केला होता गं," ती कशीबशी म्हणाली.

"माहीत आहे. नोंदीत नाव येतं." धाकटी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली. "पण घरी आईंना मी एवढंच सांगणार आहे, आज सावरलं कुणी."