चढावर लागलेला दिवा

"परत तोच कोड," लेक म्हणाली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडून ती गाडीच्या दारात बसली होती. "बघा."

बाबांनी स्कॅनर हातभर लांब धरला, मग तिलाच परत दिला. "तूच वाच. मुंगीएवढी अक्षरं करून ठेवलीत मेल्यांनी."

"हवेच्या सेन्सरची तक्रार. आठवड्यात तिसऱ्यांदा."

"काल चढावर लागला इंजिनाचा दिवा. चांगली साठच्या वेगात होती." बाबांनी टपावर थाप मारली. "म्हातारी झाली बिचारी. हिच्या भरवशावर पोरीला शाळेत कसं न्यायचं?"

चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस, गाडीला एक ओरखडा नाही. उद्यापासून नातीला शाळेत सोडायचं काम त्यांचं होतं. लेकीला त्याच वेळी घराखालचं हे गॅरेज उघडावं लागे.

"आणि तुमची बोटं काळी कशानं?"

"बॉनेट उघडून बघितलं. जित्याची खोड, दुसरं काय!"

लेकीनं बॉनेट उघडलं. सेन्सरचा प्लग निसटला होता.

"कोड दुखणं सांगतो, बाबा. दुखवलं कुणी, ते नाही सांगत. उंदीर असेल." तिनं प्लग बसवला, प्लास्टिकच्या पट्टीनं करकचून बांधला आणि कोड पुसला. "आता उंदराचा बाप आला तरी निघायचा नाही."

"गेला दिवा?"

"गेला."

बाबांनी उसासा सोडला. सुटकेचाच असावा.

जिन्यावरून नात टाळ्या वाजवत उतरली. गाणं तिचं तयारच होतं:

"विझला दिवा, सुटला वारा,
आजोबा माझे गाडी मारा!"

सकाळी लेकीनं गाडी सुरू केली. दिवा लागलेलाच.

तिनं चिडून स्कॅनर जोडला आणि या वेळी पुढचं पानही उघडलं. बिघाड होतो त्या क्षणाचा गाडीचा वेग तिथं टिपलेला असतो.

वेग: शून्य.

तिनं बॉनेट उचललं. पट्टी एका रेषेत, स्वच्छ कापलेली होती. उंदराचे दात असे नसतात.

"बाबा," म्हणत ती अंगणात आली.

बाबा फाटकाशी लख्ख उन्हात उभे होते, किल्ली मुठीत घट्ट. "अगं, लागला ना परत दिवा? मला वाटलंच! आणि ही पोर कुठं दडी मारून बसलीय? केव्हाच्या हाका मारतोय."

नात त्यांच्या पुढ्यातच उभी होती, दोन हातांच्या अंतरावर, तोंडावर हात दाबून हसू आवरत.