इंजिनाचा आवाज

रुळांशेजारी कॅमेरे लावून बसणाऱ्या हौशी मंडळींत त्यांना सगळे ‘हेडमास्तर’ म्हणत. जुनं वाफेचं इंजिन वळणावर दिसलं, की कुणाला शिंकायचीही सोय नसे. चित्रीकरणात इंजिनाशिवाय दुसरा आवाज आला, की त्या माणसाची खैर नसे. आज मात्र बऱ्याच दिवसांनी ते आले होते, तेही बायकोला सोबत घेऊन.

इंजिन धापा टाकत चढ चढलं, शिट्टी घुमली आणि नेमकी तेव्हाच मागच्या खुर्चीतून बायको ओरडली, “अहो... चष्मा! कोळसा जाईल डोळ्यात!”

शेजारच्या कॅमेरावाल्याने डोळेच मिटून घेतले. आता वहिनींची काही धडगत नाही! उघडून बघतो तर हेडमास्तर कॅमेरा सोडून बायकोपुढे गुडघ्यांवर बसलेले. पाठीमागून अख्खी गाडी निघून गेली, पण त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

तो चाचरत म्हणाला, “हेडमास्तर, रागावू नका. वहिनींचा आवाज नंतर काढून टाकता येईल.”

“काढायचाच तर इंजिनाचा काढ,” बाहीने डोळे पुसत ते म्हणाले. “अर्धांगाचा झटका आल्यापासून ही आज पहिल्यांदा बोलली रे!”