पुढची काच

टँकरनं हॉर्न दिला तेव्हा आबा गाडीच्या आत होते आणि त्यांची मुलगी विशाखा बाहेर, मागच्या काचेवर दोन्ही तळहात टेकवून. साखर कारखाना बंद पडल्यावर भंगारात निघालेली ही अँबेसेडर आबांनी घरी आणली, त्याला सहा वर्षं झाली होती. काचांची रबरं गेल्या दोन उन्हाळ्यांत फाटली. दोन वर्षं पाऊस नव्हता, म्हणून ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं. यंदा मात्र पडणार, असं आबांनी ठरवूनच टाकलं होतं.

काचेला नवं रबर चढवलेलं, त्याच्या खाचेत बारीक दोरी. आबा आतून दोरी ओढत, तसतशी रबराची कड पत्र्यावर पलटत जाई.

"दोरी जितं, हात तितं. पुढं पळू नको, बाई."

"नाही पळत."

"ल्हानपणापासून पळतीस."

टँकरवाला बद्रीनाथ विहिरीत पाइप सोडून सावलीला आला. "लेक व्हय, आबा? काय करत्यात ताई?"

"परफेसर हाय. बीडला." आतून आवाज आला, जरा मोठ्यानंच.

"आन् ताई, आबा काय करायचे?"

"कारखान्यात होते," विशाखा काचेकडं बघत म्हणाली. कॉलेजात कुणी विचारलं तरी ती एवढंच सांगे. वीस वर्षं हेच उत्तर.

आबा हसले. "व्हतो की. पुढच्या शिटावर."

शेवटची वीतभर दोरी सुटली. काच बसली. आबांनी तिच्यावर आतून टिचकी मारली. "पुढची उद्या. रबर उन्हात मऊ होऊ दे."

पहाटे ते उठले नाहीत.

आठव्या दिवशी टँकर परत आला. विशाखा पुढच्या शिटावर दोरीची दोन टोकं धरून बसली होती. बाहेरून तिची आई, छबुबाई, काच दाबत होती. तिचे हात वरपर्यंत पुरत नव्हते. रबराला लावलेलं साबणाचं पाणी वाळत चाललं होतं.

आबा गेल्याचं बद्रीनाथला गावात शिरतानाच कळलं होतं. त्यानं टँकरच्या तोटीखाली वाडगं धरलं, पाणी आणून रबरावर शिंपडलं.

"मावशे, तुमी सरा," म्हणाला आणि तळहात काचेवर टेकवले.

विशाखा ओढू लागली. त्याचे हात भराभर पुढं सरकले.

"दोरी जिथं, हात तिथं," ती म्हणाली.

त्यानं हात मागं घेतले. "लई जपून करताय. कुणी शिकवलं वो, ताई?"

दोरी वीतभर उरली होती. ती तशीच धरून विशाखा थांबली.

"आबांनी," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानंच, "माझे वडील ड्रायव्हर होते."