अकराच्या आत

सकाळी सहाला साळूबाईंनी भिंतीवरची तिन्ही बटणं बंद केली, तशी काचेच्या टाकीची घरघर थांबली.

"आत्या, पंप बंद झाला की मरंल त्यो," क्रांती म्हणाली.

"मरूंदे की. त्याच्यासाठीच बंद केलाय."

अकराला मिरजेत क्रांतीच्या वडिलांचं, लालासाहेबांचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. आई तिकडे दवाखान्यात. सांगलीच्या घरी या दोघी आणि खाऱ्या पाण्यातला तो एंजल मासा, वीतभर लांब, निळ्या अंगावर पिवळे पट्टे. सात वर्षं लालासाहेबांनी त्याला जिवापाड जपलं होतं. पाणी गार ठेवायला मशीन, खारटपणा मोजायला वेगळं यंत्र. इतके लाड त्यांनी पोटच्या पोरीचेही केले नव्हते. घरातला मासा मेला की मालकावरचं संकट घेऊन जातो, असं साळूबाईंना गावात कुणीतरी सांगितलेलं. सांगणाऱ्याचं काय जातंय!

क्रांती बटणांकडे धावली. साळूबाई बोर्डाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"बाप पायजे का मासा?"

क्रांतीचा हात खाली आला. आत्याचा तिला भयंकर राग आला, पण भीती रागाहून मोठी होती.

"बाप," ती म्हणाली.

"मग बस गप."

एप्रिलचा उकाडा. पाणी तापत गेलं. मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला. क्रांती जवळ गेली की खायला मिळणार म्हणून काचेशी यायचा. शेवटी ती लांब खुर्चीवर जाऊन बसली.

साडेदहा झाले तरी मासा मरेना. आता क्रांतीलाच घाई झाली.

"आत्या, बाहेर काढायचा का त्याला?"

"छ्या! आपण मारायचा न्हाई, पाप लागतंय. आपसूक मराय पायजे."

पावणेअकराला तो आडवा झाला. कल्ले हलायचे थांबले. साळूबाईंनी काचेला हळदकुंकू लावलं, हात जोडले. "वाचला गं माझा लाला!" म्हणत त्या रडायला लागल्या. क्रांतीही त्यांच्या गळ्यात पडून रडली. तिला आनंद झाला होता, खरंच झाला होता.

तेवढ्यात आईचा फोन आला. बोलणं संपल्यावर क्रांतीने तो मांडीवर ठेवला.

"पप्पांना ताप आलाय. आज ऑपरेशन न्हाई. सोमवारी करणार म्हणत्यात."

साळूबाई टाकीकडे बघत राहिल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "म्हंजे ह्यो फुकट गेला."

क्रांतीने फोन पुन्हा उचलला आणि कोल्हापुरातल्या माशांच्या दुकानाचा नंबर शोधून काढला.

"आत्या," तिने विचारलं, "एवढाच मोठा लागंल, का बारका चालंल?"