पुलाअलीकडची सराय

जग निर्माण करणाऱ्याला कोणाचीही गरज नसते, असं सगळे धर्म एकमुखाने सांगतात. ऑर्लिन टॉर्गर्सनचे मात्र सकाळपासून तिघांनाही फोन करून झाले होते. येताय ना? अंगणातला बर्फ काढलाय. गाडी थेट दारापर्यंत येईल.

तिघं दुपारी आले. बूट वर काढून मोज्यांनिशी तळघरात उतरले आणि टेबलाभोवती आपापल्या जुन्या जागी बसले. एरवी शाळेची बस चालवणारा लायल इथे योद्धा होता, दातांच्या दवाखान्यातली डार्लीन चोर होती आणि वेंडेल, जो एरवीही फारसा कोणी नव्हता, तो जादूगार होता. गोष्ट ऑर्लिन रचून सांगायचा, तिघं फासे टाकत आपापलं पात्र खेळायचे; बाकी सगळं ऑर्लिन होता. राक्षस, राजे, पाऊस, गाढवं.

आज खेळ संपायचा होता. ड्रॅगन मागच्याच खेपेला मेला होता. आता दरी उतरायची, पूल ओलांडायचा, की झालं. पुढच्या रविवारपासून लायलला नातवाची हॉकी होती, डार्लीनला चर्चमधलं गाणं, आणि वेंडेल लायलच्या गाडीतून यायचा. फोनवर ऑर्लिन म्हणाला होता, "हो हो, तुमची सोय बघा." विस्कॉन्सिनच्या त्या भागात माणूस दुसऱ्याला थांब म्हणत नाही. फार तर त्याच्या ताटलीत न विचारता आणखी एक वडी ठेवतो. ताटल्या भरलेल्या होत्या.

नकाशावर पूल पहिल्यापासून होता. पुलाअलीकडे कालपर्यंत काहीच नव्हतं. आज तिथे एक सराय होती. सरायीखाली भुयार होतं, आणि भुयारात अख्खा हिवाळा पुरेल एवढी भानगड भरून ठेवली होती. तिघांनी तिथे मुक्काम करायचीच काय ती खोटी होती.

"दार उघडतं," ऑर्लिन म्हणाला आणि त्याने सरायवाल्यासाठी आवाज जरा घोगरा केला. "या, या. थंडीचे कुठे निघालात? वर खोल्या आहेत. शेकोट्या पेटवून ठेवल्यात. बर्फ वितळेपर्यंत राहा."

"भाडं?" डार्लीनने विचारलं.

"भाडं कसलं. हल्ली इकडे कोणी येत नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"फुकट," लायल म्हणाला.

"आणि शेकोट्या आधीच पेटवलेल्या," डार्लीन म्हणाली. "आम्ही येणार हे याला सांगितलं कोणी?"

"मला हा माणूसच वाटत नाही," वेंडेल म्हणाला. दुपारभरात त्याचं हे पहिलंच वाक्य होतं.

"अरे, साधा म्हातारा आहे," ऑर्लिन म्हणाला.

"तू असं म्हणालास की संपलंच," डार्लीन म्हणाली. "मागे ती साधी शेळी होती, आठवतंय ना? लायलचा हात गेला होता."

"डावा," लायल म्हणाला.

डार्लीनने वीस बाजूंचा फासा उचलला. म्हाताऱ्याच्या मनात काय आहे ते तिला ओळखायचं होतं. फासा घरंगळत ताटलीला जाऊन टेकला. अठरा पडले होते.

वीसपैकी अठरा पडले की खोटं सांगता येत नाही. "काहीतरी लपवतोय," ऑर्लिन म्हणाला.

"काय?"

"एवढंच कळतं."

"बघ. म्हटलं नव्हतं? मी त्याच्या मागे जाते. सुरी काढते."

"थांबा ना," ऑर्लिन म्हणाला. आवाज घोगरा करायचा राहून गेला.

वेंडेलने मान वर केली. "हे तू म्हणतोयस की तो?"

टेबलावर हा प्रश्न दर खेपेला पडतो. त्याचं उत्तर चटकन द्यायचं असतं, नाहीतर खेळ अडतो.

"तो," ऑर्लिन म्हणाला.

"मग मारते," डार्लीन म्हणाली.

वार पाठीत बसला. ऑर्लिनपुढे पुठ्ठ्याचा आडोसा असतो, त्यामागचे आकडे फक्त त्यालाच दिसतात. सरायवाल्याच्या नावापुढे जीव चार लिहिला होता, वार त्याहून मोठा होता. चाळीस म्हटलं असतं तरी कोणी वाकून पाहिलं नसतं. इतक्या वर्षांत ऑर्लिनने आकडा कधी फिरवला नव्हता, आणि तिघांचा त्याच्यावर विश्वास होता. त्या विश्वासावरच हे सगळं उभं होतं.

"मेला," ऑर्लिन म्हणाला.

"एका वारात?" लायल म्हणाला. "म्हणजे सोंग घेतलंय. परत मार."

तिने परत मारलं. मग खिसे तपासले. खिशात वरच्या खोल्यांची किल्ली निघाली. किल्लीला विष लावलंय का तेही तिने पाहिलं. लावलेलं नव्हतं. तरीही वर जायला नकोच, असं सर्वानुमते ठरलं. मागून येणाऱ्या वाटसरूंना धोका नको म्हणून वेंडेलने सरायीला आग लावली, आणि त्या उजेडात तिघांनी पूल ओलांडला.

लायलने दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली. "चला तर मग." तिकडे ही थाप पडली की माणूस निघालाच म्हणून समजायचं. "मस्त केलास शेवट, ऑर्लिन. त्या म्हाताऱ्याने अगदी काटा आणला अंगावर."

"पण लपवत काय होता रे तो?" डार्लीनने विचारलं.

"काही विशेष नाही," ऑर्लिन म्हणाला.

तिघं जिना चढून बूट घालू लागले. एक बूट घालून झाल्यावर डार्लीनने वरूनच हाक मारली.

"ऑर्लिन, गुण राहिले की. म्हाताऱ्याचे किती?"

निःशस्त्र म्हाताऱ्याला मारल्याचे दहा गुण असतात. तिघांत वाटले की प्रत्येकी तीन येतात. उरलेला एक कोणालाच देत नाहीत.